लाल माती आपली, मग लोखंड बल्लारीचं का? (बिडाच्या तव्यावरून सुरू झालेला धागा)

अनगोळकर
नमस्कार मंडळी. मागच्या शनिवारी बाजारातून बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आणला. चांगला अडीच किलोचा, हातात घेतला की मनगट कुरकुरतं. तीन दिवस तेल लावून तापवणं, पुसणं, परत तेल लावणं चाललंय. घरातले सगळे फडके काळे झाले, खरं आंबोळी अजून चिकटतेच आहे. तो धाग्याचा विषय नाही.

विषय असा. रविवारी खानापूरला सासरवाडीला गेलो होतो. पाऊस होऊन गेलेला, पोरीचे बूट गुडघ्यापर्यंत लाल. नळाखाली धुताना तिनं विचारलं, "बाबा, माती लाल कशानं?" मी म्हटलं, "लोखंडाच्या गंजानं." सातवीतली पोरगी, गप्प कशी बसणार? "मग या मातीतनं लोखंड का काढत नाहीत? तव्याचं लोखंड कुठनं आलं?"

मी बँकेतला माणूस. आपल्या बेळगावात उद्यमबागेत एवढ्या फौंड्र्या आहेत, तिथंच होत असेल, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तिला पटलेलं नाही, मलाही नाही. आपल्या लाल जांभा दगडात लोखंड आहे, गावात फौंड्र्या आहेत, मग आपण इथलंच लोखंड का नाही बनवत? जाणकारांनी सांगावं. शाळेत सांगता येईल इतपत सोपं सांगितलंत तर उपकार होतील.

कुंदा_पेढा
पहिला! आता वाचतो.

कुंदा_पेढा
वाचलं. आंबोळी चिकटत असेल तर तव्यावर आधी कांदा अर्धा कापून घासा. लोखंडाचं मला काही कळत नाही.

उद्यमबागवाला
अनगोळकर, वेळ मारून नेलीत ती चुकीची नेलीत. :)

अठ्ठावीस वर्षं फौंड्रीत काढली, आधी मोल्डर म्हणून, मग मेल्टिंगला. आमच्याकडे लोखंड तयार होत नाही, वितळतं. हा फरक पोरीला आधी सांगा. दगडातून धातू सोडवणं वेगळं आणि सोडवलेला धातू वितळवून साच्यात ओतणं वेगळं. फौंड्री म्हणजे दुसरं. तुमच्या आईनं लाडू वळले म्हणून तिनं हरभरा पेरला असं होत नाही.

आम्ही सुरुवात केली तेव्हा कुपोला होता. उभी गोल भट्टी, आतून फायर ब्रिक. खाली कोकचा (भाजून कडक केलेल्या दगडी कोळशाचा) थर पेटवायचा, त्यावर पिग (खनिजातून काढलेल्या कच्च्या लोखंडाचे ठोकळे), भंगार, आमचंच परत आलेलं रनर-रायझर (साच्याच्या वाटांत उरलेलं लोखंड), मग कोक, मग चुनखडी, परत पिग. असे थरावर थर. खालून ब्लोअरची हवा. आठ-दहा किलो लोखंडाला साधारण एक किलो कोक जायचा. पहिलं लोखंड टॅप होताना सगळे एक पाऊल मागं सरकायचे, सवयीनंच. रंग बघून कळायचं. नारिंगी असेल तर थंड आहे, पातळ भाग भरणार नाही. पिवळट पांढरं झालं की घ्या लॅडल (वितळलेलं लोखंड घ्यायचं भांडं).

आणि मग वेजची चाचणी. छोट्या पाचरीच्या साच्यात थोडं ओतायचं, गार करून हातोड्यानं मोडायचं. तोडलेल्या जागेची धार किती रुंदीपर्यंत पांढरी आहे ते बघायचं. पांढरं म्हणजे कडक नि ठिसूळ, मशीनवर टूल मोडणार. करडं म्हणजे बरोबर. करडं का, तर आतला कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांसारखा वेगळा बसलेला असतो. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. तुमचे फडके काळे होतात त्यात जळलेलं तेल आहेच, खरं थोडा हा ग्रॅफाइटही आहे.

तर आमचा कच्चा माल म्हणजे पिग आणि भंगार. पिग यायचा गोव्याच्या आमोण्याहून, नाहीतर कोप्पळहून. बेळगावच्या मातीतला एक कणही आमच्या भट्टीत जात नव्हता. गेला तर मालक हाकलून देईल!

मोरपीस_ताई
पिग म्हणजे डुक्करच ना? ही काय भानगड?

उद्यमबागवाला
होय की. पूर्वी भट्टीतून निघालेलं लोखंड वाळूतल्या एका मोठ्या चरात सोडायचे, त्याला फांद्यांसारखे छोटे चर. वरून बघितलं तर डुकरीण आडवी पडलीय आणि पिलं दूध पितायत असं दिसायचं. म्हणून इंग्रजांनी नाव ठेवलं. आता मशीनवर साच्यात ओततात, नाव तेच राहिलं.

लोंढा_जंक्शन
कोकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी रेल्वेत होतो. वास्कोच्या बाजूनं येणाऱ्या कोळशाच्या गाड्या दूधसागरचा घाट चढून कॅसलरॉक, लोंढा करत पुढं बल्लारीकडच्या तोरणगल्लूला, पोलाद कारखान्यात जातात. मुरगाव बंदरात उतरलेला परदेशी कोळसा, बराचसा ऑस्ट्रेलियाचा. घाट चढायला मागून-पुढून इंजिनं लावायची.

म्हणजे खानापूर तालुक्यातून लोखंड बनवायचं जळण रोज जातं, खरं थांबत नाही. :)

लोंढ्याच्या स्टेशनात वाळत घातलेले पांढरे कपडे कधी पांढरे राहिले नाहीत, ही आमच्या बायकोची जुनी तक्रार.

अनगोळकर
हे भारी आहे. म्हणजे दगड बल्लारीचा आणि कोळसा ऑस्ट्रेलियाचा? मग माझा प्रश्न अजून अवघड झाला. कोळसा लोंढ्यावरून जातोच आहे, लाल दगड खानापुरात आहेच. दोघांची गाठ इथंच का नाही घालत?

निवृत्त_धातुकार
प्रश्न उत्तम आहे. उत्तर थोडं लांबेल, तेवढी मुभा द्या. मोठ्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर होतो.

खनिजातलं लोखंड एकटं नसतं, ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं असतं. बल्लारीकडच्या होस्पेट-संडूर भागातला हेमटाइट हा चांगला दगड, त्यात साठ टक्क्यांच्या वर लोखंड असतं. शुद्ध हेमटाइट असेल तर सत्तर. ऑक्सिजनला लोखंडापासून तोडायचं तर त्याला लोखंडापेक्षा जास्त आवडणारं काहीतरी द्यावं लागतं. ते म्हणजे कार्बन, आणि प्रत्यक्षात कार्बन मोनॉक्साइड वायू.

ब्लास्ट फर्नेस म्हणजे तीसेक मीटर उंचीचा मनोरा. वरून खनिज (आता बहुतेक भाजून त्याचे खडे किंवा गोळ्या करून), कोक आणि चुनखडी. खालून हजार-बाराशे अंशांपर्यंत तापवलेली हवा. हवेच्या नळ्यांसमोर कोक जळतो तिथं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. तयार झालेला वायू वर चढताना दगडातला ऑक्सिजन काढून घेतो. वरून टाकलेला दगड सहा-आठ तासांत खाली येईपर्यंत लोखंड झालेला असतो आणि वितळतो. चुनखडी दगडातली माती-सिलिका घेऊन स्लॅग, म्हणजे मळी, बनवते. ती हलकी, म्हणून लोखंडावर तरंगते आणि वेगळी काढता येते. एक टन लोखंडाला साधारण दीड-पावणेदोन टन खनिज आणि चार-पाचशे किलो कोक लागतो. एकदा पेटवलेली भट्टी वर्षानुवर्षं विझवत नाहीत. दिवाळी नाही, गणपती नाही.

आता तुमचा जांभा. आपल्याकडचा मूळ दगड काळा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पावसानं तो लाखो वर्षं धुतला. सिलिका विरघळून वाहून गेली, मागं राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. दोघं एकत्र, हा घोटाळा आहे. जांभ्यात लोखंड आहे, पण हेमटाइटच्या निम्मंही धड नाही आणि बरोबर भरमसाट ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड). ॲल्युमिना जास्त झाला की स्लॅग खीर घट्ट व्हावी तशी होते, भट्टीतून बाहेर पडायला तयार होत नाही. ती पातळ करायला जास्त चुनखडी, चुनखडी तापवायला जास्त कोक. एक टन लोखंडासाठी दोन-तीन टन कचरा वितळवत बसायचं. म्हणून कोळसा लोंढ्याला न थांबता पुढं जातो.

शाळेत सांगायला एक वाक्य: दगडात लोखंड किती आहे एवढंच बघून चालत नाही, ते सोडवायला किती जळण लागतं ते बघतात.

गप्प_गावडा
सर, कोकच का? लाकडी कोळसा का नाही? आमच्या रानात लाकूड आहे.

निवृत्त_धातुकार
लाकडी कोळशानं उत्तम लोखंड होतं, गंधक नसतो त्यामुळं उलट चांगलं. पण तो ठिसूळ. तीस मीटर उंच ढिगाचं वजन त्याच्यावर आलं की भुगा होतो आणि हवा वर जायची वाट बंद. कोक कडक असतो, तेवढं वजन पेलतो. १७०९ मध्ये इंग्लंडात अब्राहम डार्बीनं कोकवर भट्टी चालवली, तिथून भट्ट्या उंच होत गेल्या.

आणि रानाचं म्हणाल तर भद्रावती बघा. म्हैसूर संस्थानानं विश्वेश्वरय्यांच्या पुढाकारानं तिथं कारखाना उभारला, १९२३ साली लोखंड निघालं, तेही लाकडी कोळशावर. बाबाबुडनच्या डोंगरातलं खनिज आणि मलनाडातलं जंगल. पुढं जंगल पुरेना, मग जोगची वीज आली तशा विजेच्या भट्ट्या बसवल्या.

जांभा_चिरा
धातुकार साहेब, तुमचा मान राखून असहमत. "जांभ्यातून लोखंड परवडत नाही" हे आजचं गणित. पूर्वी निघायचं की! महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक होते, त्यांचा धंदाच हा. जांभ्याचे खडे वेचायचे, रानात कोळसा पाडायचा, मातीची पुरुषभर उंचीची भट्टी, कातडी भाते. आमच्या शेतात, कणकुंबीच्या अलीकडे, नांगरताना अजून काळे, जड, मधमाशीच्या पोळ्यासारखे भोकाभोकाचे दगड निघतात. लहानपणी आम्ही त्यांना उल्का समजायचो. एका भूगर्भवाल्या पाहुण्यानं सांगितलं, अरे ही भट्टीची मळी आहे. म्हणजे आमच्या बांधावर कोणीतरी लोखंड काढत होतं. "होत नाही" असं पोरीला सांगू नका.

निवृत्त_धातुकार
मी "होत नाही" म्हटलेलंच नाही, परत वाचा. :) पण मुद्दा रास्त आहे, आणि धावडांच्या पद्धतीत एक गंमत आहे जी मी लिहायला हवी होती. ते लोखंड वितळवतच नसत. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, मातीच्या भट्टीत तेवढं कुठून येणार? हजार-बाराशे अंशांना ऑक्सिजन सुटतो, मळी तेवढी वितळते आणि लोखंडाचा स्पंजसारखा गोळा तळाशी राहतो. तो लालबुंद असताना ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची. मोठी भट्टी मळीतलं लोखंड सोडत नाही, धावडांची सोडून देत असे. तुमच्या बांधावरच्या मळीत अजून भरपूर लोखंड आहे, म्हणून ती जड लागते. जळण आणि मजुरी हाताशी, मागणी कुऱ्हाड-कोयत्याची, त्यांना परवडायचं.

मोरपीस_ताई
ही मळी म्हणजे आयुर्वेदातलं मंडूर! आमच्या आजीला पांडुरोगावर वैद्य मंडूर भस्म द्यायचे. जितकं जुनं मंडूर तितकं चांगलं म्हणे. चिरेदादा, तुमच्या बांधावर औषधाचं दुकान आहे.

कुंदा_पेढा
चिरेदादा, शेत विकायचंय का? ;)

सदाशिवनगर_२
उक्कुचं कोणी काही बोललं नाही? कन्नडमध्ये पोलादाला उक्कु म्हणतात. जगभर गाजलेल्या दक्षिणेतल्या पोलादाला इंग्रजांनी वूट्झ म्हटलं, ते नाव उक्कुवरूनच आलं असं मानतात. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूड-पानं घालून तासन् तास तापवायचे, कार्बन हळूहळू मुरायचा. दमास्कसच्या तलवारींवरची ती लाटांची नक्षी असल्याच पोलादाची. तेव्हा लोखंडाशी या भागाचं नातं आताचं नाही.

यमनापूर_शिफ्ट
रात्रपाळी संपवून आलोय, डोळे मिटतायत, खरं हे वाचून राहवलं नाही. लाल दगडातून इथं धातू निघत नाही म्हणता? आमच्याकडे काय मग खडीसाखर बनते?

अनगोळकर, पोरीला हायवेनं काकतीकडं घेऊन जा. आमचा ॲल्युमिनाचा कारखाना, इंडाल (आता हिंडाल्को, खरं गावात अजून इंडालच) बघू दे बाहेरून. बॉक्साइट चंदगड-राधानगरीच्या पठारांवरून ट्रकनं येतं. बॉक्साइट म्हणजे जांभ्याचाच सख्खा भाऊ, फक्त ज्यात ॲल्युमिना जास्त तो. दळायचं, कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात दाबाखाली शिजवायचं. आपल्या घाटावरचं बॉक्साइट दीडशेच्या आत-बाहेर अंशांना विरघळतं, बाकी ठिकाणी अडीचशेपर्यंत जावं लागतं. ॲल्युमिना सोड्यात उतरतो, लोखंड उतरत नाही. ते तळाशी लाल चिखल होऊन बसतं. वरचं द्रावण गाळून थंड करायचं, त्यात आधीच्या खेपेच्या हायड्रेटची (पाणी धरलेल्या ॲल्युमिनाची) बारीक पूड टाकायची. विरजण म्हणा हवं तर. दीड-दोन दिवसांत पांढरं हायड्रेट खाली बसतं. ते धुऊन हजार अंशांच्या वर भाजलं की ॲल्युमिना. साखरेसारखा दिसतो, बोटाला करकरीत लागतो. बायर नावाच्या माणसानं १८८७-८८ च्या सुमाराला शोधलं, अजून तेच चाललंय.

तर अनगोळकर, तुमच्या पोरीला हवं असलेलं लोखंड आमच्याकडं कचरा म्हणून बाहेर पडतं. लाल चिखलात लोखंडाचा ऑक्साइडच सगळ्यात जास्त. ते सिमेंटवाले नेतात.

अनगोळकर
आता मला झोप येणार नाही. म्हणजे एकाच दगडातलं आपण ॲल्युमिनियम घेतो आणि लोखंड टाकतो, आणि लोखंड दीडदोनशे किलोमीटरवरून आणतो?

यमनापूर_शिफ्ट
ॲल्युमिनियम नाही, ॲल्युमिना. पांढरी पूड. त्याचा धातू करणं हा पुढचा खेळ आणि तो विजेचा. ॲल्युमिनाचा ऑक्सिजन कार्बननं साध्या भट्टीत सुटत नाही, फार घट्ट धरलेला असतो. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू, दोघांनी एकमेकांना न सांगता एकच युक्ती काढली. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचा, साडेनऊशे अंशांच्या आसपास, आणि त्यातून वीज सोडायची. एक किलो ॲल्युमिनियमला तेरा ते पंधरा युनिट. घरातला फ्रिज दहा-बारा दिवस चालतो तेवढ्यात. चार-पाच किलो बॉक्साइटचा दोन किलो ॲल्युमिना, दोन किलो ॲल्युमिनाचं एक किलो ॲल्युमिनियम.

इथंही स्मेल्टर (ॲल्युमिनाचा धातू करायचा विभाग) होता एके काळी. आमचे वडील तिथं पॉटरूमला, वीज सोडायच्या भट्ट्यांवर होते, घड्याळ घालून जायचे नाहीत, चुंबकक्षेत्रानं बंद पडायचं. वीज परवडेना, बंद झाला. आता आमचा माल बराचसा धातूसाठी नाहीच. रिफ्रॅक्टरी (भट्टीच्या विटा), सिरॅमिक, पाणी शुद्ध करायची फटकडी, असल्या कामांना जातो.

गप्प_गावडा
म्हणजे जळण परवडत नाही म्हणून लोखंड नाही, वीज परवडत नाही म्हणून ॲल्युमिनियम नाही. दगड तेवढा आहे.

उद्यमबागवाला
गावडेसाहेब दिवसातून एकदा बोलतात, खरं बोलतात.

निपाणीची_माई
तुम्ही पोरं ॲल्युमिनियम ॲल्युमिनियम करताय, आमच्याकडे त्याला जर्मन म्हणायचे. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. लग्नात जर्मनची भांडी दिली की सासूचं तोंड वाकडं. तांब्या-पितळेचा मान वेगळा.

आणि कल्हई! पितळेच्या पातेल्यात आमटी कळकू नये म्हणून दर दिवाळीला कल्हईवाला यायचा. खड्डा खणून त्यात कोळसे, हातानं फिरवायचा भाता. भांडं तापलं की नवसागराची पूड, पांढरा धूर, डोळ्यांत पाणी, मग कथलाची कांडी फिरवायची आणि कापसानं आत पुसायचं. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं! आम्ही पोरं शाळा बुडवून बघत बसायचो. हे कथील कसं काय इतकं पटकन वितळतं?

निवृत्त_धातुकार
माई, कथील अवघ्या २३२ अंशांना वितळतं. आणि नवसागर भांड्यावरचा ऑक्साइड खातो, स्वच्छ धातू उघडा पडतो, म्हणून कथील चिकटतं. तो कल्हईवाला चालताबोलता धातुशास्त्रज्ञ होता.

सदाशिवनगर_२
अवांतर प्रश्न: पितळेची खाण भारतात कुठं आहे?

कुंदा_पेढा
पंढरपूरला. विठोबाच्या मूर्तीच्या दुकानांमागं.

तांबटाचा_नातू
हसू नका, खूप जणांना असंच वाटतं. पितळेची खाण नसते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कांसं म्हणजे तांबं आणि कथील.

तांब्याच्या खनिजात तांबं टक्का-दोन टक्केच असतं. खेत्रीला, मलाजखंडला. म्हणून आधी दळून, पाण्यात फेस करून तांब्याचे कण फेसाबरोबर वर आणायचे. मग वितळवून गंधक आणि लोखंड हवेनं जाळून टाकायचं. मग त्याच्या पाट्या करून द्रावणात टांगायच्या आणि विजेनं शुद्ध तांबं दुसऱ्या पाटीवर चढवायचं. टांगलेल्या पाटीखाली जो गाळ साचतो त्यात सोनं-चांदी असतं. आजोबा म्हणायचे, तांब्याचा गाळ फेकणारा तांबट करंटा. त्यांना विजेचं काही माहीत नव्हतं, पण बरोबरच बोलायचे!

जस्ताची गंमत अजून मोठी. ते कोळशाबरोबर तापवलं तर हजाराच्या वर अंशांना सुटतं, पण ९०७ अंशांनाच उकळतं! म्हणजे धातू झाला की लगेच वाफ होऊन पळाला. राजस्थानात झावरच्या लोकांनी मातीच्या वांग्याच्या आकाराच्या नळ्या उलट्या लावून वाफ खाली थंड जागेत उतरवली. युरोपात ब्रिस्टलच्या चॅम्पियनला याचं पेटंट मिळालं ते १७३८ ला. त्याच्या कितीतरी आधी झावरच्या डोंगरात त्या नळ्यांचे ढीग पडले होते.

उद्यमबागवाला
धागा भलतीकडे चाललाय, खरं चांगला चाललाय. माझ्याकडून एक काळजीचं सांगतो, पोरीला नको, तुम्हाला.

मोल्डिंगला असताना एका पावसाळ्यात पत्र्यातून गळून एका लॅडलमध्ये पाणी साचलं होतं. तळाला वाटीभरही नसेल. सुकवायचं राहिलं आणि तसंच लोखंड घेतलं. आवाज नाही आठवत मला, उजेड आठवतो. पाण्याची वाफ झाली की सतराशेपट जागा मागते, ती लोखंड वर फेकूनच बाहेर पडते. शेजारच्या माणसाच्या बुटात थेंब गेला. तो दोन महिने घरी. मालकानं औषधाचे पैसे दिले, पगार मात्र एकाच महिन्याचा दिला, ते अजून खटकतं. त्यानंतर ज्यानं लॅडल उलटी करून हात फिरवला नाही त्याला मी टॅपिंगला उभा राहू दिला नाही.

आता आमच्याकडे इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी आहे. कुपोल्यात कोकातलं गंधक लोखंडात येतं. एसजी आयर्न (न मोडता वाकणारं बीड) करायचं तर गंधक चालत नाही, कारण मॅग्नेशियम टाकतो ते आधी गंधकच खाऊन बसतं. मॅग्नेशियम टाकतानाचा पांढरा लखलखाट बघायचा नाही, डोळे जातात. त्यानं ग्रॅफाइटचे पापुद्रे गोळ्या होतात आणि बीड वाकायला लागतं. टनाला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज. म्हणजे आम्हीही शेवटी विजेच्याच बिलावर जगतो, यमनापूरवाल्यांसारखे.

जांभा_चिरा
एक राहिलं. बेळगाव-लोखंडाच्या धाग्यात किर्लोस्करांचं नाव निघालं नाही? लक्ष्मणरावांनी इथंच सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, लोखंडी नांगर इथंच बनवले. शेतकरी घेईनात, लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून! १९१० ला ते कुंडलला गेले. ज्या मातीत एवढं लोखंड, तिला नांगराच्या फाळानं विष चढणार असं आपल्याच लोकांना वाटायचं.

मोरपीस_ताई
अनगोळकर, आता मुळाकडे या. पोरीला एक प्रयोग करू दे. जांभ्याची पूड, दुप्पट लाकडी कोळशाची पूड, पत्र्याच्या डब्यात घालून झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडा (भोक विसरू नका, नाहीतर झाकण उडेल). उघड्यावर, चुलीच्या निखाऱ्यात तासभर. मोठ्यांनीच ठेवायचं आणि काढायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. आधी आणि नंतर चुंबक फिरवून बघा. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे मी केलंय.

निवृत्त_धातुकार
उत्तम. फक्त पोरीला सांगा, चुंबकाला चिकटलं म्हणजे लोखंड झालं असं नाही. अर्ध्या वाटेवरचा मॅग्नेटाइट होईल. ऑक्सिजन थोडाच सुटलेला असेल.

अनगोळकर
(पाच दिवसांनी) केलं. खानापूरच्या मागच्या अंगणात, सासूबाईंच्या चुलीवर.

आधी चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाल पुडीवरून फिरवला. थोडीशीच चिकटली, मिशा फुटल्यासारखी. मग डबा. भोकातून आधी पाण्याची वाफ, मग निळसर धूर, मग छोटी ज्योत. पोरगी ओरडली, "बाबा, कार्बन मोनॉक्साइड!" इतकं नाव तिनं या धाग्यातून वाचून पाठ केलंय. सकाळी उघडला. लाल गायब, सगळं काळं. कोळसा फुंकून बाजूला केला आणि चुंबक धरला, तर जवळजवळ सगळी पूड उडी मारून चिकटली. पोरगी पुढचा अर्धा तास कोणाशी बोलली नाही, पूड पिशवीवर उभी-आडवी करत बसली.

मग म्हणाली, अर्ध्या वाटेवर आहे ना, मग पूर्ण वाट जाऊ या. सासूबाई म्हणाल्या, एक चिमूट काळ्या पुडीला माझी पाव मोळी गेली, तव्याएवढ्या लोखंडाला किती जाईल ते आधी मोजून सांग, मग पेटवते. धातुकार साहेब, हिशोब करून देता काय?

निवृत्त_धातुकार
धावडांच्या पद्धतीनं धरा. ठोकून साफ केलेल्या एक किलो लोखंडाला दहा किलो कोळसा सहज. तवा अडीच किलोचा, म्हणजे पंचवीस किलो. एक किलो कोळशाला चार-पाच किलो सुकं लाकूड. सव्वाशे किलोपर्यंत जाईल. सासूबाईंची मोळी पंचवीस किलोची असेल तर पाच मोळ्या. आणि ते बीड नसेल, ठोकायचं लोखंड असेल. त्यावर आंबोळी अजूनच चिकटेल.

अनगोळकर
पाच मोळ्या ऐकून त्यांनी चुलीला पाठ केली. पोरगी मात्र दिवाळीच्या सुट्टीची वाट बघतेय, चिरेदादांच्या बांधावरची मळी बघायला कधी येऊ विचारतेय.

कांदा घासून आंबोळी सुटली, कुंदा_पेढा यांचे आभार. तो डबा गेला, बूड जळून आरपार. तो नाचणीच्या पिठाचा होता हे मला नंतर कळलं.

जांभा_चिरा
या की कधीही. डबा आणू नका.